हेच ते मंगळसूत्र

गिरिजा गेली, तो २००४ चा मार्च होता. दुपारी ऑफिसात शेजारच्या हंसाबेनचा भाईंदरहून फोन आला. "भाई, जल्दी आओ, गिरिजाबेन उठती नहीं." मी म्हणालो, "डॉक्टर को बुलाओ, मैं आके क्या करूंगा?" आणि हातातली फाईल पुरी केली. एवढा कामसू माणूस मी. घरी पोहोचलो तर दारात पोलीस. चोरानं तिचा गळा आवळून मंगळसूत्र नेलं होतं.

दीड महिन्यानं घोडबंदरला विठू नावाचा माणूस पकडला. आधी एकदा वायर चोरलेला. त्याच्या घरात मंगळसूत्र सापडलं. ते आपल्या बायकोचं, शेवंतीचं आहे, असं तो ओरडत होता. चौकीत साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या मिसेसचंच ना?"

बावीस वर्षं गिरिजा वाकून वाढायची, तेव्हा मंगळसूत्र माझ्या डोळ्यांसमोरच असायचं. मी ताटात काय पडतंय ते बघायचो. पण शेजारी सासरे उभे. बायकोचं मंगळसूत्र ओळखत नाही म्हणू? म्हणालो, "हेच."

कोर्टातही खणखणीत तेच बोललो. जज्जसाहेबांनी निकालात माझ्या साक्षीला 'ठाम' म्हटलं. आयुष्यात मला कुणी ठाम म्हटलं ते तेवढंच. विठूला जन्मठेप झाली. कोर्ट मागेल तेव्हा आणून द्यायचं, अशा बाँडवर मंगळसूत्र माझ्याकडे आलं.

गेल्या दिवाळीत मेहुणी उर्मिला आली, तिला ते दाखवलं.

"भाऊजी, हे कुणाचं?"

"तुझ्या ताईचं."

"काहीतरीच! ताईची माहेरची वाटी चांगली मोठी होती. तुमच्याकडची एवढीशी. आई मरेपर्यंत बोलून दाखवायची. ह्यात दोन्ही सारख्याच आहेत."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला दाखवलं कुणी? नवरे तुम्ही, तुम्हालाच विचारलं."

विठूचं अपील हायकोर्टात आहे. त्याच्या वकीलबाईंना जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, "काका, प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. बाकी मी बघते."

विठूनं खून केला नाही, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. मला लिहायचंय ते एवढंच, की बायकोच्या गळ्यात काय होतं हे मी कधी पाहिलं नाही आणि तरी शपथेवर सांगितलं. कच्च्या कागदावर चार वेळा सुरुवात केली. नाव, वय, पत्ता इथपर्यंत अगदी ठाम जमतं.

सुनावणी सोमवारी आहे. प्रतिज्ञापत्र अजून लिहून झालेलं नाही.