हुशार मुलांची सहल

समज, तू चौथीत आहेस. शाळेच्या फाटकाशी बस उभी आहे आणि तू खिडकीजवळची जागा पटकावली आहेस. मांडीवर खाऊचं पाकीट आहे, त्यातून बटाटेवड्याचा वास येतोय. आज अभ्यास नाही. तुझ्या वर्गातली बाकीची मुलं मात्र आत बाकांवर ताठ बसली आहेत, केस चापूनचोपून बसवलेले, आणि खिडकीतून तुझ्याकडे हेव्याने बघतायत. तुला किती मजा वाटेल, नाही का?

देवयानीला मात्र वाटत नव्हती.

"बाई, आज तपासणीवाले सायेब येणार व्हते ना?" तिने हेमाबाईंना विचारलं. "मंग आपन कुठं चाललो?"

"बागेत. ठाण्याला, माजिवड्याच्या पुढे. खूप मोठी बाग आहे."

"पन मला वाचून दाखवायचं व्हतं."

"तुमचं नंतर घेणार आहेत," हेमाबाई म्हणाल्या. साकेत सरांनी त्यांना सकाळी तसंच सांगितलं होतं.

शहाडची ही शाळा महापालिकेची. इमारत पालिकेची, हेमाबाई पालिकेच्या. पण शाळा चालवायला दिली होती एका संस्थेला. त्याआधी शाळेत मुलंच उरली नव्हती आणि ती बंद करायचं घाटत होतं. संस्थेने भिंती रंगवल्या, संगणक आणले, पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. मग नव्या सोसायट्यांमधले आईबापही प्रवेशासाठी फाटकाशी उभे राहू लागले. हे सगळं चांगलंच झालं. अट एकच होती: दरवर्षी पट आणि निकाल बघून पालिका ठरवणार, शाळा पुढे त्यांच्याकडे ठेवायची की नाही. साकेत सर त्या संस्थेचे. वयाने तरुण, बोलायला गोड, कामाला वाघ.

हेमाबाई डोंबिवलीहून येत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मुलांना अक्षरं शिकवण्यात घालवली. त्यांना कधी कुठला पुरस्कार मिळाला नाही, त्यांनी कधी अर्जही केला नाही. त्यांची एक पद्धत होती. नवं मूल वर्गात आलं की त्या त्याला गावाचं नाव विचारत आणि फळ्यावर लिहीत. ते नाव हाच त्या मुलाचा पहिला धडा. देवयानी परतूरची. तिचे वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करत. ती शाळेत आली तेव्हा तिला एक अक्षर येत नव्हतं. 'परतूर' वाचता आलं त्या दिवशी ती दप्तर वर्गातच विसरून घरी पळाली होती. सुशांतचं गाव म्हसळा. "माझ्याच गावाला जोडाक्षर कशाला दिलं?" असं तो बाईंशी रोज भांडत असे.

बस दुर्गाडीच्या पुलापाशी आली आणि अडकली. पुढे ट्रकांची रांग. देवयानी खिडकीला नाक लावून पाट्या वाचू लागली. "टा-य-र... पं-क्च-र." मग थोडं थांबून, "शु-द्ध... शाकाहारी." पंक्चर हा शब्द तिला हेमाबाईंनी कधी शिकवला नव्हता.

"बाई," सुशांत मागच्या सीटवरून डोकावला. "हुशार मुलांची सहल कधी असते?"

"म्हणजे रे?"

"मागच्या वर्षी पण आम्हीच आलेलो. अहिरे सरांबरोबर. तेव्हा पण शाळेत साहेब आलेले. मग त्यांची कधी नेणार? का त्यांना बाग आवडत नाय?"

दोनचार मुलं हसली. हेमाबाई हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी बसमधल्या मुलांकडे पुन्हा एकदा पाहिलं. नाक्यावरच्या मजुरांची मुलं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला आलेल्यांची. घरकाम करणाऱ्या बायकांची. रुळांपलीकडच्या चाळीतली. सोसायटीतलं एकही नाही. यादी कुणीही केलेली असो, बस भरताना हात चुकला नव्हता.

त्यांनी साकेत सरांना फोन लावला.

"सर, या मुलांची तपासणी नक्की कधी आहे?"

पलीकडे दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग गोड आवाज आला. "बाई, तुम्ही समजदार आहात. मूल गावाला जाऊन चार महिन्यांनी परत येतं, त्याला वाचता येत नाही, त्यात आपला काय दोष? त्याचा निकाल आपण का सोसायचा? उद्या संस्थेचं काम गेलं तर शाळा परत होती तशी होईल. मग ही मुलं कुठे जातील? मी त्यांच्यासाठीच करतोय."

"मग त्यांना प्रवेश कशाला दिलात? जूनमध्ये तुम्हीच वस्तीत फिरलात ना दारोदार?"

"पट दाखवावा लागतो, बाई."

"म्हणजे मोजायला चालतात आणि विचारायला चालत नाहीत."

"आपण नंतर बोलू का? तपासणीच्या मॅडम आल्यात."

हेमाबाईंचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. जनावरांच्या बाजारातसुद्धा विकायला आणलेलं जनावर कुणी लपवून ठेवत नाही, आणि इथे वर्गातली मुलं वडे देऊन लपवली होती. आणि राखणीला हेमाबाईंनाच बसवलं होतं.

त्या ड्रायव्हरपाशी गेल्या. "गुणाजी, बस वळवा. शाळेत परत."

"बाई, मला ठाण्याचं सांगितलेलं. साहेब मला बोलतील."

"माझं नाव सांगा."

"ते तर सांगणारच. मी काय येडा आहे?" गुणाजीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, हॉर्न वाजवत एका टेम्पोला शिव्या दिल्या आणि बस वळवली.

"म्हणजे बाग कॅन्सल?" सुशांत रडवेला झाला.

"रविवारी मी नेईन. शब्द देते."

"आणि वडा?"

"वडा आत्ताच खा."

शाळेच्या व्हरांड्यात साकेत सर आडवे आले. "बाई, एवढ्या वर्षांच्या नोकरीत शेवटी हे?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी मॅडमना ही मुलं गैरहजर सांगितलीत."

हेमाबाई त्यांना ओलांडून वर्गात गेल्या. "मॅडम, ती गैरहजर मुलं. आली आहेत."

तपासणीच्या मॅडमनी मान वर केली. त्यांना संध्याकाळपर्यंत अजून एक शाळा उरकायची होती. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग दारातल्या तेलकट हातांच्या गर्दीकडे. "बरं. एकेक पाठवा."

त्या वर्षी शाळेचा निकाल खाली आला. हेमाबाईंकडून खुलासाही मागवला गेला आणि त्यांनी तो दोन ओळींत दिला. पण ते पुढचं. त्या क्षणी देवयानी खुर्चीवर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि समोर एका माकडाची गोष्ट होती.

तिने बोट ठेवून वाचायला घेतलं. पहिली ओळ आली. दुसरीही आली. तिसरीत 'आश्चर्य' आलं आणि ती अडली. मॅडमनी थोडी वाट पाहिली, कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, "ठीक आहे बाळ, जा."

देवयानी उठली नाही. तो शब्द तिने पुन्हा धरला, फोडला, जोडला. मग पुढचं वाचलं, आणि माकड झाडावरून उतरून घरी जाईपर्यंत वाचतच राहिली. खूण झालेली होती, ती बदलली नाही. मागे साकेत सर भिंतीकडे बघत उभे होते.

गोष्ट संपल्यावर देवयानी खुर्चीवरून उतरली. दारात सुशांत चौकटीला चिकटून उभा होता, त्याला आत यायचं नव्हतं. ती त्याच्यापाशी गेली. त्याचे हात आपल्या फ्रॉकला पुसले, त्याला ओढत आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

"ह्याला समदी अक्षरं येत्यात," तिने मॅडमना सांगितलं, आणि खुर्चीशेजारी उभी राहिली.