प्रत्येकाने एकच काढा

मी एक कॅमेरा बोलतोय. थांबा, लगेच नाकं मुरडू नका. फोनने फोटो काढणाऱ्यांच्या जमान्यात रोलचा कॅमेरा बोलायला लागला, म्हणजे म्हाताऱ्याचं रडगाणं ऐकावं लागणार असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही नाही. मी मजेत आहे, आणि टेकडीवरच्या एका डब्यात राहतो.

डब्यात का? तर काही लोकांना एक छंद असतो. एखादा डबा कुठेतरी दडवायचा, जागेचा पत्ता फोनवर टाकायचा आणि अनोळखी लोकांनी तो शोधत यायचं. डबा सापडला की आतली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. मोठी माणसं किल्लीच्या साखळीसाठी काट्याकुट्यांतून टेकडी चढतात! पण आनंद होतो त्यांना, तो मी जवळून पाहिलाय.

माझा मालक लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टा वरखाली करायच्या आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही, अशी त्याची गंमत. तो आणि त्याची बायको सुट्टीच्या दिवशी हे डबे शोधत हिंडायचे. मी बायकोच्या गळ्यात असायचो आणि नवरा पुढे. म्हणून माझ्या बहुतेक फोटोंत त्याची पाठच आलीय.

मग ती घरच्याच जिन्यावरून पडली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाय हळूहळू बरा झाला, पण मनातली भीती काही जाईना. पलंग ते गॅलरी, एवढंच तिचं जग उरलं. जिन्याचं नाव काढलं की ती म्हणायची, "आज नको, उद्या बघू." तो उद्या काही उजाडत नव्हता. मी खुंटीवर लटकून हे सगळं बघत होतो, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी नवऱ्याने माझ्यात नवा रोल घातला. म्हणाला, "अगं, याला टेकडीवर आपणच दडवलेल्या डब्यात ठेवतो. येणारा जाणारा एकेक फोटो काढेल. शेवटचा मात्र तुझा. रोल संपत येईपर्यंत तू तिथवर चालत यायचंस."

तिने गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बघू." पण या खेपेला "उद्या" म्हणाली नाही.

त्याने माझ्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून ठळक अक्षरांत लिहिलं, 'प्रत्येकाने एकच काढा.' जन्मभर लिफ्टमध्ये पाट्या लावलेला माणूस. त्याला वाटतं, पाटी जितकी छोटी तितकी बरी. बायको म्हणाली, "अहो, काय काढा? नीट लिहा की!" तर म्हणे, कळतं लोकांना. शेवटचा फोटो राखून ठेवा, हे त्याने फक्त फोनवर, डब्याच्या पत्त्याखाली लिहिलं.

टेकडीवर माझे दिवस छान गेले. एक जोडपं भांडत आलं आणि फोटोपुरतं हसलं. एका पोस्टमनने फक्त आपल्या बुटांचा फोटो काढला. मधूनमधून मालक यायचा, वरचा दगड सरकवायचा आणि मला बातमी द्यायचा. आज एक मजला उतरली. आज फाटकापर्यंत आली. माझ्या डोक्यावरच्या खिडकीत उरलेल्या फोटोंचा आकडा दिसतो. तो कमी होत होता आणि ती पुढे सरकत होती. शेवटी खिडकीत एक उरला. मालक म्हणाला, "या रविवारी येतेय ती."

आणि नेमकी त्याच आठवड्यात दातांची एक डॉक्टरीण आली. घाईत होती. फोनवर जागा तेवढी बघितलेली, पुढचं काही वाचलेलं नाही. माझ्या पाठीवरची पट्टी वाचली, प्रामाणिकपणे डब्यातून एकच वस्तू काढली, म्हणजे मलाच, आणि बदल्यात एक शिट्टी ठेवून गेली!

माझे धाबे दणाणले. पण ओरडणार कसा?

तिच्या घरी सासूबाई मला बघून खूश. नवे पडदे लावले होते, त्यांचाच फोटो काढू म्हणाल्या. मला डोळ्याला लावलं, बटणावर बोट ठेवलं. जिन्याची एकेक पायरी उतरून मिळवलेला तो फोटो आता पडद्यांवर जाणार! इतक्यात त्यांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि मला उलटंसुलटं करून बघितलं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "अगं, हे फोटो काढायला सांगतायत. तू अख्खा कॅमेराच काढून आणलास."

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. सुनेने लाजून फोन उघडला, तर तिथे मालकाचा निरोप होता. कॅमेरा कुणी नेला असेल तर कृपया परत ठेवा, शेवटचा फोटो माझ्या बायकोचा आहे, ती रविवारी येतेय.

रविवारी डॉक्टरीण सकाळपासून मला मांडीवर घेऊन डब्याशेजारी बसली. ते दोघं आले. तो कावराबावरा, कारण मी हरवल्याचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. ती घामाघूम, हातात काठी, थांबत थांबत, पण आली. डॉक्टरणीने सगळं कबूल केलं, तेव्हा ती दगडावर टेकून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

"मी सांगत होते ना तुम्हाला, काय काढा ते लिहा म्हणून!"

डॉक्टरीण मला मालकाच्या हातात द्यायला लागली, तर बायकोने अडवलं. "यांच्या हातात दिलात तर हे फोटोबाहेरच राहतील. आणि तुमचा एक राहिलाच आहे की. काढा."

तिने काठी झुडपाला टेकवली. मालकाने हात पुढे केला, तोही तिने धरला नाही. नुसती त्याच्या शेजारी उभी राहिली, आपल्या दोन पायांवर. डॉक्टरणीने बटण दाबलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

तो फोटो आता त्यांच्या जिन्यात लावलाय, जिथे ती पडली होती तिथेच. आणि मी नव्या रोलसकट पुन्हा डब्यात आहे. पट्टीही नवी आहे, बायकोच्या अक्षरात. 'प्रत्येकाने एकच फोटो काढा. कॅमेरा नव्हे. शेवटचा राखून ठेवा.'

शेवटचा कोणाचा, ते या खेपेला मलाही माहीत नाही. तो राखून ठेवा म्हणून मालकाकडे दुसरंच कुणी आलं होतं म्हणे. तेव्हा तुम्ही या, दगड सरकवा, हवा तसा फोटो काढा. फक्त खिडकीत एकचा आकडा दिसला, तर बोट आवरा. कुठेतरी कुणीतरी जिना उतरत असेल.