माझ्या पोटात वय वाढत नाही

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे हं! माझ्यात असायचा द्रवरूप नायट्रोजन, बर्फालाही हुडहुडी भरेल इतका थंड. दुहेरी भिंतींचं गोल पोट, निमुळती मान आणि वर बुचासारखं झाकण, असं माझं रूप. झाकण उघडलं की पांढरा धूर नुसता भसाभस बाहेर यायचा.

कारखान्यातून निघाले ती थेट एका दवाखान्यात आले. मूल होत नाही अशी जोडपी तिथे येत. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेले गर्भ, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान, बारीक नळ्यांत घालून माझ्या पोटात झोपवायचे. तिथे त्यांचं वय एका दिवसानेही वाढायचं नाही. "आमची टाकी म्हणजे निर्धास्त काम!" असं प्रयोगशाळेतली ताई सगळ्यांना सांगायची. पण मला कसला आलाय निर्धास्तपणा? नायट्रोजन रात्रंदिवस उडून जात असतो. ताईने वेळेवर भर घातली नाही, तर झोपलेली सगळी मंडळी संपलीच! माझा जीव कायम टांगणीला.

त्यातली एक नळी पोहायला शिकवणाऱ्या बाईंची होती. बाईंना एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. पातळ फळीच्या भिंतीपलीकडे डॉक्टरीणबाईंची खोली, तिथून त्यांच्या चपलांची टकटक सारखी ऐकू यायची. सोबत थोरली बहीण असायची. "हिला तलावात पायरीवरून उतरताना मी जन्मात पाहिलं नाही," ती सांगायची. "पाणी दिसलं की मारली उडी!"

बाईंचे आधीचे प्रयत्न फसले होते. माझ्याकडे त्यांचा शेवटचा एकच गर्भ उरला होता. पण मग नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन निघालं, पाठोपाठ सासूबाईंनी अंथरूण धरलं. 'टाकीत आहे ना, मग घाई कसली?' असं म्हणत घरचे पुढे ढकलत राहिले. आतल्याचं वय मी धरून ठेवलं होतं हो, पण बाईंचं कोण धरणार? आणि कायदा म्हणत होता, बाईला हा उपचार पन्नाशीपर्यंतच.

अखेर एके दिवशी बाई आल्या.

"गर्भाशयाचं अस्तर अजून तयार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता गर्भ सोडला तर तोही वाया जाईल. दोन महिने औषधं घ्या."

"दोन महिने? पुढच्या आठवड्यात मला पन्नास पूर्ण होतायत. म्हणजे, कागदावर."

"कागदावर म्हणजे?"

थोरलीला रडूच फुटलं. "माझ्यामुळे झालं हो सगळं! मला शाळेत घातलं, तेव्हा ही माझा हातच सोडेना. घर डोक्यावर घेतलं. शेवटी बाबांनी हिचं वय एका वर्षाने वाढवून सांगितलं आणि दोघींना एकाच वर्गात बसवलं. आजवर आम्ही त्यावर हसत आलो."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मला कागदाबाहेर जाता येत नाही. या वयातलं बाळंतपण बाईच्या जिवावर बेतू नये म्हणून ही मर्यादा आहे."

"माझ्या जिवाची एवढी काळजी आहे ना," बाई उसळल्या, "मग माझं वय तरी खरं मोजा!"

बाईंनी कोर्टात धाव घेतली. तारखेवर तारीख पडत गेली. इकडे माझीही अवस्था बिकट. भिंत कुठेतरी झिरपू लागली, मानेवर बर्फ धरू लागला, नायट्रोजन भराभर आटू लागला. ताई येता-जाता माझ्यात डोकवायची. "म्हातारे, नवी टाकी येईपर्यंत सगळ्यांना सांभाळ गं, बाईंची तर एवढी एकच नळी आहे," म्हणायची आणि पुन्हा भर घालायची. मी दम धरून होते, पण आतून नुसती तळमळ! उद्या मी दगा दिला तर?

कोर्टाने थोरलीची साक्ष मानली, जन्माची नोंद तपासली आणि वय दुरुस्त झालं. तोवर बाईंची खरी पन्नाशीही दाराशी येऊन उभी होती. दवाखान्यात एकच धावपळ उडाली. औषधं झाली, अस्तर तयार झालं, आणि ताईने धुरात हात घालून ती नळी अलगद उचलली. थोड्या वेळाने फळीपलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "आता काही दिवस तलावाचं नाव नको. आणि गोड बातमी आली, तर पुढे उड्या बंद! कठड्याला धरून, पायरीवरून, हळूच उतरायचं."

त्यानंतर आठवडाभरातच मला रिकामी करून जिन्याखाली ठेवलं. माझ्या जागी नवी चकचकीत टाकी आली. इथे ना फळी, ना कुणाचा आवाज. बाईंचं पुढे काय झालं, कुणी सांगत नाही. टाकीला कोण सांगणार?

मित्रांनो, एखादी गोष्ट सुरक्षित ठेवली म्हणून तिची वाट पाहणाऱ्या माणसाला विसरू नका. त्याचे दिवस जातच असतात. आणि माझं एक काम कराल? तुमच्यापैकी कुणी त्या तलावावर पोहायला जात असेल, तर तेवढं बघून या. बाई अजून उडीच मारतात, की पायरीवरून उतरतात?