माझी खालची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. मुंगो नदीच्या अलीकडच्या काठावर एका छोट्या न्यायालयात, डावीकडून तिसऱ्या दारावर मी टांगलेली आहे.

एपोसी वारल्याचे कळले त्या दिवशी तिचा नवरा एयुम माझ्यासमोर स्टुलावर उभा होता. त्याच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा होता. ब्रशने तो माझी वरची फ्रेंच ओळ उजळत होता. खालची ओळ रिकामी होती. ती एपोसी इस्पितळातून परत आली की भरायची होती.

दुआला शहराहून येणाऱ्या टॅक्सीचा ड्रायव्हर पायऱ्या चढून आत आला. त्याने टोपी काढली होती.

"पा एयुम, जरा खाली उतरा."

"थांब रे, एवढं अक्षर पुरं करू दे."

"पा, खाली उतरा ना."

एयुमने त्याच्याकडे पाहिले आणि तो उतरला. ड्रायव्हरने त्याचा हात धरला आणि कानाशी काही सांगितले. एयुम स्टुलावर बसला. ब्रश त्याच्या हातातच राहिला, आणि दुपारपर्यंत त्यावरचा रंग वाळून दगड झाला.

त्याच्या तोंडून एकच वाक्य निघाले. "तिनंच मला परत पाठवलं. म्हणाली, जा, पाट्या पुऱ्या कर."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, पाटीला कसले दुःख? पण मी त्या दोघांच्या घरात जन्मले. इरोको झाडाची एक जाड फळी एयुमने आणली, रंधा मारला, तेल पाजले. तो पाट्या रंगवणारा होता. एपोसी न्यायालयात दुभाषी होती. तो नदीच्या या काठचा, फ्रेंच बोलणारा. ती पलीकडची, इंग्रजी बोलणारी. न्यायालयातल्या सगळ्या दारांवर दोन्ही भाषांत पाट्या हव्यात असा हुकूम आला, तेव्हा ते काम या दोघांकडेच आले. वरची ओळ त्याची, खालची तिची.

संध्याकाळी ती मियोंदोच्या, म्हणजे पानात उकडलेल्या कसाव्याच्या कंदाच्या, कांड्या सोलायची आणि तो आम्हा पाट्यांना भिंतीला टेकवून रंगवायचा.

"बेलिफ. लिही," ती म्हणायची.

"एवढंच? वर माझी एवढी लांब ओळ आणि खाली तुझा एवढासा शब्द? पाटी लंगडी दिसेल."

"दिसू दे. तुम्हा लोकांना बोलायला फार लागतं."

"आणि तुम्हा लोकांना समजायला."

मग ती त्याच्या अंगावर मियोंदोचे पान फेकायची. असे करत रजिस्ट्रारची पाटी झाली, बेलिफची झाली, सरकारी वकिलाची झाली. शेवटी मी उरले.

माझ्यावर फ्रेंचमध्ये ज्या माणसाच्या हुद्द्याचे नाव आहे, तो न्यायाधीश असतो, पण निकाल देत नाही. तो तपास करतो. माणसाला समोर बसवून विचारतो, उत्तरे लिहून घेतो, हवे तर त्याला कोठडीत ठेवतो. निकाल मग दुसरीकडे, दुसरेच लोक देतात. नदीपलीकडे असा माणूसच नव्हता. तिथे तपास पोलीस करायचे आणि न्यायाधीश फक्त ऐकून निकाल द्यायचा.

एपोसीने माझ्यावर खडूने कितीतरी शब्द लिहून पाहिले. 'तपासणीचा मॅजिस्ट्रेट' असे इंग्रजीत लिहिले आणि शेजारच्या शेंगदाणेवालीला बोलावले. ती पलीकडचीच होती.

"हा माणूस काय करत असेल, सांग बरं."

"डोळे तपासतो का गं? माझ्या नवऱ्याला दिसत नाही नीट."

एयुम हसून हसून खाली बसला. एपोसी हसली नाही. तिने ओल्या फडक्याने शब्द पुसला.

"मी गंमत करत नाहीये. आत जाणाऱ्याला दारातच कळायला हवं की आतला माणूस त्याचं काय करणार आहे. नाहीतर पाटी कशाला?"

नंतर तिच्या पोटात दुखू लागले. दुआलाच्या इस्पितळात जाताना ती दारात थांबली, माझ्याकडे बघून एयुमला म्हणाली, "सापडलाय बहुतेक. परत आले की सांगते."

ती परतली नाही. पुढे एयुम त्या इस्पितळात जाऊन आला. शेवटी ती काही बोलली का, असे त्याने नर्सला विचारले होते. नर्स म्हणाली, पाणी मागितले होते.

मी तशीच अर्धी टांगलेली राहिले. महिना उलटला असेल नसेल, न्यायालय पाहायला मोठे साहेब येणार अशी बातमी आली. मुख्य कारकून प्रिसो घाबरला. एयुम तर घराबाहेर पडत नव्हता. तेव्हा प्रिसोने स्वतःच खडू घेतला आणि माझ्या खालच्या ओळीत इंग्रजीत लिहिले, 'जज्ज'. साहेब आले, मान डोलावून गेले. खडू कोणी पुसला नाही.

त्याच आठवड्यात पलीकडच्या काठावरून आयुक आणि त्याची बायको मान्यी आली. या काठच्या एका व्यापाऱ्याच्या होडीचे इंजिन चोरीला गेले होते. आयुकची होडी जवळच बांधलेली असायची, म्हणून त्याला बोलावणे आले होते. मान्यी शाळेत गेलेली होती. तिने बोट ठेवून माझी खालची ओळ वाचली.

"जज्ज आहे. बरं झालं. आजच्या आज सुटशील."

"मी इंजिन घेतलंच नाही, हे सांगतो त्याला."

"ते सांगत बसलास तर चार फेऱ्या होतील. आपल्याकडे कसं करतात? मान खाली घालायची, चुकलो म्हणायचं, दंड भरायचा, घरी. घरी कसावा कुजायला लागलाय."

"पण मी घेतलं नाही तर चुकलो काय म्हणून म्हणू?"

"म्हण रे. जीभ झिजणार आहे का?"

आयुकने एकदा माझ्याकडे पाहिले. चप्पल दाराशी काढली आणि आत गेला.

एपोसीच्या जागी अजून कोणी आले नव्हते. प्रिसोच मोडक्या इंग्रजीत इकडचे तिकडे सांगत होता. मला दाराआडून सगळे ऐकू येत होते. आयुक म्हणाला, चुकलो, साहेब. प्रिसोने ते सांगितले. मग बराच वेळ फक्त टाइपरायटरचा आवाज येत राहिला.

शिपाई बाहेर आला तेव्हा मान्यी उठून उभी राहिली.

"किती दंड झाला?"

"दंड? दंड इथं होत नाही, मा. इथं तपास होतो. त्यानं कबूल केलंय. आता तो आतच राहणार."

"पण हा जज्ज आहे ना?"

"आहे. निकालाचा नाही."

"पाटीवर लिहिलंय!" ती ओरडली. तिने माझ्यावर हात आपटला. अजूनही माझा उजवा कोपरा सैल आहे. ती चप्पल उचलून दारावर आपटत राहिली. आयुकला मागच्या दाराने नेले होते. तिच्या हातातली चप्पल त्याचीच होती.

आरडाओरडा ऐकून एयुम आला. त्याचे घर आणि पाट्यांची शेड समोरच होती. त्याने मान्यीचे ऐकून घेतले, माझ्यावरचा शब्द पाहिला आणि बाहीने पुसला. मग न विचारता आत शिरला. आतले साहेब बिलाँग म्हणून होते, शांत माणूस.

"साहेब, त्याला वाटलं तुम्ही निकाल देणार. म्हणून तो चुकलो म्हणाला. पुन्हा विचारा त्याला."

"पा एयुम, तो म्हणाला ते मी लिहून घेतलं. त्यानं सही केली. आता ते कागद पुढे जाणार."

"त्याला माहीत नव्हतं तुम्ही कोण ते."

"दारावर लिहिलंय की."

"अर्धंच लिहिलंय, साहेब."

आत कागद सरकवल्याचा आवाज झाला. बिलाँग म्हणाले, "मी हेही लिहून पाठवतो. त्याचा उपयोग होईल असं सांगू शकत नाही."

एयुम बाहेर येऊन माझ्याखालच्या बाकावर मान्यीशेजारी बसला. आत काय लिहिले गेले, ते त्याने तिला सगळे समजावले. ती ऐकत होती.

"मग त्या माणसाला आमच्या भाषेत म्हणतात तरी काय?"

"तुमच्याकडे तो नाहीच."

"तुझी बायको आमच्याकडची होती. तिनं काय लिहिलं असतं?"

"तिला सापडला होता शब्द. मला सांगायचा राहिला."

मान्यीने त्याच्याकडे पाहिले. मग आयुकच्या चपला तिने पिशवीत घातल्या.

मित्रांनो, पुढे आयुकला मोठ्या न्यायालयात शिक्षा झाली. बिलाँगसाहेबांच्या चिठ्ठीचे काय झाले, कोणाला माहीत नाही. साहेबही बदलून गेले. एक नवा, तरुण दुभाषी आला. तो शिकलेला होता आणि भलाही होता. त्याने एक शब्द सुचवला. एयुमने ब्रश रंगात बुडवला आणि त्याला विचारले, "हे वाचलं असतं तर आयुक आत जाऊन चुकलो म्हणाला असता का?"

दुभाषी म्हणाला, "असता, पा."

एयुमने ब्रश पुसून ठेवला.

आता मला ठिकठिकाणी वाळवी लागली आहे. येणारेजाणारे हसतात, म्हणतात, या पाटीचा रंग संपला वाटतं. प्रिसोने मला दोनदा काढून टाकायला सांगितले. दोन्ही वेळा एयुम दारात उभा राहिला. पाऊसकाळ संपला की तो येतो, स्टुलावर चढतो. आता त्याला दाराची चौकट धरावी लागते. वरची ओळ उजळतो, खालची फडक्याने पुसतो, आणि पुसताना पुटपुटतो, "एपो, सांग ना." मी त्याच्या इतक्या जवळ असते की त्याचा श्वास मला लागतो. मला काही सांगता येत नाही. ती मला खडूने लिहायची आणि पुसायची, पण शेवटचा शब्द तिने माझ्यावर कधी लिहिलाच नाही.

बाजाराच्या दिवशी मान्यी नदी ओलांडून येते. आधी माझ्याकडे बघते, मग तुरुंगाकडे डबा घेऊन जाते.

मित्रांनो, कोणाच्या दारात गेलात तर पाटी वाचून थांबू नका. आत बसलेला माणूस आपले काय करू शकतो, ते आधी विचारा. आणि कोणाला काही सांगायचे असेल, तर परत आल्यावर सांगतो असे म्हणू नका. दारातच सांगा.

आयुक अजून सुटलेला नाही. माझी खालची ओळ कोरी आहे.