सरस्वतीची ओटी

पंडित मास्तरांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक आपल्या अक्षराचा आणि दुसरा आपल्या मराठीचा. अक्षर खरोखरच वळणदार होतं. मराठी मात्र इतकी शुद्ध होती की गावात ती कुणालाच कळत नसे. भडगावपासून तीन कोसांवरच्या, गिरणाकाठच्या त्या गावात सगळा व्यवहार अहिराणीत चालायचा. माणसांशी, बैलांशी आणि देवाशीसुद्धा. धुळ्याला शिकून आलेल्या मास्तरांना ते खपत नसे. पोरगा ‘शाया’ म्हणाला की त्याला उभं करून ते ‘शाळा, शाळा’ असं दहादा म्हणवून घेत. पोरगा दहादा म्हणे आणि घंटा झाली की ‘शाया सुटनी’ करत पळे.

लोकल बोर्डाची ही शाळा मारुतीच्या देवळाशेजारी भरायची. पटावर एक्केचाळीस मुलगे आणि एक मुलगी. मुली मुळात तीन होत्या. त्यातली एक लग्न होऊन सासरी गेली, दुसरी धाकट्या भावाला खेळवायला घरी बसली. उरली ती उखर्डू नाना पाटलांची सुंदर. पोरगी तिसरीत होती, पण चौथीच्या पोरांची गणितं त्यांच्याआधी सोडवून वर खिडकीबाहेर बघत बसायची. कविता एकदा कानावर पडली की तिच्या तोंडी बसलीच म्हणून समजा. नोकरीच्या बारा वर्षांत मास्तरांना असा विद्यार्थी मिळाला नव्हता, आणि त्या पोरीवर त्यांचा जीव होता.

तिला तिसरीनंतर शाळेतून काढायचं, असं नानांनी ठरवून टाकलं होतं. मास्तर तीनदा त्यांच्या घरी जाऊन आले. नाना माणूस वाईट नव्हता. दर वेळी बाज टाकून द्यायचा, ताक पाजायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी तेच म्हणायचा, “तिसरी व्हयनी, पुरे. पोरले काय तलाठी करनं शे का?”

या प्रश्नाला धुळ्याच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नव्हतं. मग मास्तरांनी ठरवलं, बाजेवर बसून ऐकत नाही ना, रंगभूमीवरून सांगू. माघात शाळेचा समारंभ करायचा आणि त्यात नाटक बसवायचं. पंधरा दिवस जागून त्यांनी ते लिहिलं. ‘संगीत विद्याविजय’, अंक तीन. शाळेत वाद्य म्हणाल तर झांजांचा एक जोड, पण नावात ‘संगीत’ असल्याशिवाय नाटकाला भारदस्तपणा येत नाही. दुसऱ्या अंकात एक शेतकरी हुशार मुलीला शाळेतून काढतो आणि तिसऱ्या अंकात चार पानं पश्चात्ताप करतो. तो पश्चात्ताप मास्तरांनी नानांसाठीच लिहिला होता. नानांना तेवढं माहीत नव्हतं.

हुशार मुलीचं काम सुंदरच करणार, यात मास्तरांना शंका नव्हती. तिला तर आठ दिवसांत तिन्ही अंक पाठ झाले होते. नाटकातल्या शेतकरी बापाचं काम करणारा मगन अडला की कोपऱ्यातून तीच त्याचं वाक्य पुरं करायची. मास्तर चौथ्यांदा नानांकडे गेले. नानांनी नाटकाला नाही म्हटलं नाही, पण अट घातली. पोरगी नाटकात नुसती बसेल, चारचौघांत बोलणार नाही.

“बसाले काय शे, बसू दे,” नाना म्हणाले. “पन चार मानसंमा मनी पोर तोंड उघाडनार नही.”

म्हणजे ज्या एका पोरीला सगळं नाटक येत होतं, तिनं तेवढं मुकं बसायचं. मास्तर मनातल्या मनात चरफडले. शेवटी त्यांनी तिला पहिल्या प्रवेशातली सरस्वती दिली. मोरावर बसायचं, हात उंचावून आशीर्वाद द्यायचा, नांदी संपली की पडदा. हुशार मुलगी म्हणून चौथीतल्या भिकनला लुगडं नेसवायचं ठरलं.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा सुंदरची आई बेबाबाई चुलीशी भाकरी थापत होती. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती. मास्तर उठायला लागले तेव्हा तिनं एवढंच विचारलं की देवीच्या तोंडाला रंग लावणार का. मास्तर म्हणाले, लावणार तर, सफेदा आणि वर कुंकवाचा मळवट. “मंग बरं शे,” म्हणून तिनं भाकर उलटली. बायकांना असल्याच गोष्टी सुचतात, असं मनाशी म्हणत मास्तर घरी आले.

मोर करायला त्यांनी भडगावहून हाशम कल्हईवाल्याला बोलावलं. हाशम दरवर्षी मोहरमचा ताबूत बांधायचा. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद त्याच्या हातात आले की बघणारा कामधंदा विसरायचा. त्यानं मोर केला तो असा, की गावातले खरे मोर लाजावेत. रॉकेलच्या डब्याचा मुकुट करून त्याला कल्हई मारली. काम संपल्यावर मोराकडे बघत तो म्हणाला, “मास्तरजी, लोग पाव पडेंगे, देखना. कागज का ताबूत मैं बनाता हूँ, मगर मन्नत मांगने सब आते हैं.”

मास्तर हसले. नाटक आणि पूजा यांतला फरक त्यांनी हाशमला शुद्ध मराठीत समजावून सांगितला. हाशम मान डोलवत राहिला. मास्तर खानदेशातच जन्मले, वाढले. पण धुळ्याला राहून एक गोष्ट ते साफ विसरले होते. आपल्याकडे सोंग म्हणजे नुसतं सोंग नसतं. तोंडाला देवाचा रंग लागला, की तो धुवेपर्यंत आत देव असतो.

समारंभ दुपारी चारला ठेवला होता, कारण दिवाबत्तीची सोय नव्हती. दोन बैलगाड्या जोडून त्यांवर फळ्या टाकल्या, दोन लुगड्यांचा पडदा केला. कापूस घरात आला होता, हाताला काम नव्हतं, त्यामुळे सगळं गाव लोटलं. पुढे पोरं, डावीकडे बाया, उजवीकडे फेटे, आणि मागे दोन-चार शेळ्या. झांजा वाजल्या, पडदा सरकला.

उतरतं ऊन बरोबर मोरावर पडलं होतं. त्या निळ्या-हिरव्या पिसाऱ्यापुढे पांढऱ्या तोंडाची, मळवट भरलेली, चकचकीत मुकुटाची देवी हात उंचावून बसली होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. सूत्रधार भाईदासनं नांदी सुरू केली. तो दुसऱ्या ओळीवर आला असेल नसेल, तोच बायांमधून बेबाबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती गाडीवर चढली, ओच्यातून नारळ आणि खण काढला, सरस्वतीची ओटी भरली आणि पोटच्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं.

मग काय विचारता. सगळ्या बाया उठल्या. नारळ आणायला घरी धावल्या, वाण्याचं दुकान घटकेत रिकामं झालं. कुणी तिला खानदेशची कानबाई देवी म्हणत होतं, कुणी नुसतंच माय. कुणी तान्हं पोर पायांवर घातलं, कुणी खोकला लागलेली म्हातारी खांद्यावरून आणली. भाईदास बिचारा शिकवल्याप्रमाणे नांदी म्हणतच होता. मास्तर पुढे झाले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, “रसिकजनहो, कृपया आसनस्थ व्हा.” लोकांना वाटलं मास्तर मंत्र म्हणताहेत. सगळ्यांनी हात जोडले आणि रांग तशीच पुढे सरकली.

ऊन चाकांवरून उठून पिसाऱ्याच्या शेंड्यावर गेलं. पडद्यामागे मिशा लावलेला मगन आणि लुगडं नेसलेला भिकन ताटकळून एकमेकांना चिमटे काढत होते. गुरं परतायची वेळ होत आली होती. एकदा गुरं आली की नाना धारा काढायला जाणार, म्हणजे दुसरा अंक नाही, तिसरा नाही, पश्चात्ताप नाही. चैत्रात सुंदर घरी बसणार. एवढं लिहून, एवढं पाठ करून घेऊन पोरगी हातची जाणार, या विचारानं मास्तरांना रडूच कोसळायचं बाकी होतं.

शेवटी रांग संपली आणि लोक नानांकडे बघायला लागले. सगळ्या गावानं ओटी भरली, आता पाटलाला मागं राहून कसं चालेल? नाना फेटा सारखा करत वर चढले. कुणीतरी हातात नारळ दिला, तो त्यांनी फोडला, वाकून नमस्कार केला. मग रीतच ती, घरच्या कर्त्यानं देवीला विचारायचं.

“काय जोयजे माय तुले? मांग,” नाना म्हणाले.

देवी काही बोलत नसते. कर्ता विचारतो, क्षणभर थांबतो, देवी तृप्त आहे असं समजतो आणि खाली उतरतो. नानाही क्षणभर थांबले.

“नारय नको, खन नको,” देवी म्हणाली. “तुनी पोरले चवथीमा जाऊ दे.”

आवाज बारीक होता, पण शेवटच्या शेळीपर्यंत पोचला. नानांनी मान वर केली. सफेद्यातून दोन ओळखीचे डोळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते खाली जात नव्हते. मुकुट मात्र थरथरून किणकिणत होता. पोरीला भीती वाटत होती, आणि तरी ती बघत होती.

नानांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. ही आपली सुंदर आहे म्हणावं, तर सगळ्या गावादेखत पोरीच्या पाया पडलो आणि गावालाही पडू दिलं. देवी आहे म्हणावं, तर देवीनं मागितलेलं नाकारायचं कोणत्या तोंडानं? शिवाय अट होती ती पोरीनं तोंड उघडायचं नाही याची. देवीला काही त्यांनी अट घातली नव्हती.

“दिधं म्हना,” खालून बेबाबाईचा आवाज आला. नवऱ्याला चारचौघांत काही सांगायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

मग, मास्तर शपथेवर सांगत, नानांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं. त्यांनी पुन्हा हात जोडले, पहिल्यापेक्षा जरा नीट.

“दिधं माय,” ते म्हणाले.

डफ वाजला, कुंकू उधळलं गेलं, शेळ्या पळाल्या. नाना खाली उतरले ते छाती काढून. भेटेल त्याला ते सांगू लागले की देवीनी मांगं, मी दिधं. दुसऱ्या कुणाकडे तिनं काही मागितलं होतं का? आणि ते खरंच होतं.

नाटक काही झालं नाही. मगननं मिशा काढून खिशात ठेवल्या. हाशम मोराचा पिसारा उतरवत गालातल्या गालात हसत होता, पण ‘मैंने बोला था’ असं काही म्हणाला नाही. तेवढा तो सभ्य होता. मास्तर नारळांच्या ढिगाशेजारी तिन्ही अंक मांडीवर घेऊन बसले होते. चार पानांचा पश्चात्ताप वाया गेला होता, आणि ते इतके खूश होते की त्यांना ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

सुंदरचं तोंड धुवायला त्यांनी पाण्याची घागर मागवली. बेबाबाईनं ती बाजूला सारली.

“राहू द्या, मास्तर भाऊ. पोरना बापले पहिले घर पोचू द्या. मनी सासूले सांगू द्या काय दिधं ते. मंग धुसू.”

आणि मग मास्तरांना आठवलं की ओटी भरायला सगळ्या बाया घरी धावल्या होत्या, एक सोडून. बेबाबाईच्या ओच्यात नारळ आधीपासून होता. सफेदा लावणार का, हे तिनं चुलीपाशीच विचारून ठेवलं होतं. धुळ्याचं शिक्षण, बारा वर्षांची नोकरी आणि आपली शुद्ध मराठी मास्तरांनी त्या क्षणी गुंडाळून ठेवली.

“अक्का,” ते म्हणाले, “हाई समदं तुमनं व्हतं?”

बेबाबाईनं देवीला कडेवर घेतलं, मुकुटासकट.

“तुमनं नाटक लांब शे, मास्तर भाऊ,” ती म्हणाली. “मनं एक नारयमा भागनं.”