चाकापुढचा ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. एका बाजूने उतरता, दुसऱ्या बाजूने उभा, अंगभर टायरचे वळ. मित्रांनो, माझ्यासारख्याचं आयुष्य ऐकण्यासारखं नसतं. पण एका भल्या माणसाची बाजू सांगायची राहिली आहे, म्हणून बोलतो.

पूर्वी मी जेवणाच्या टेबलाचा पाय होतो. टेबल मोडलं तेव्हा घरच्या बाबांनी मला तिरपा कापला आणि गाडीच्या डिकीत ठेवला. बाबा कारखान्यात फिटर होते. चाक पंक्चर झालं की त्यांचा क्रम ठरलेला. आधी गाडी हळूहळू सपाट जागेपर्यंत न्यायची. "टायर फाटला तर नवा मिळतो," ते म्हणत. मग हँडब्रेक आणि लगेच दुसऱ्या टोकाच्या चाकाला मी. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅक त्यानंतर. काढलेलं चाकही ते गाडीखाली आडवं सरकवत. जॅकने दगा दिलाच, तर गाडी त्यावर टेकावी.

"बाबा, एवढ्या वेळात नवी गाडी घेऊन येईन मी!" मुलगी चिडवायची.

"ये की. तिलाही ठोकळा लागेलच."

पुढे गाडी मुलगी चालवू लागली. पिशव्यांना जागा हवी म्हणून तिने मला काढून स्वयंपाकघराच्या दाराला लावलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. ना धूळ, ना चिखल.

आणि नेमकं त्याच काळात, हे मी नंतर ऐकलेलं, बाबांना घेऊन जाताना चढावर गाडीचं मागचं चाक बसलं. बाबा डिकीत मला शोधत राहिले.

"बाबा, दगड लावलाय ना मी! उशीर होतोय."

दगड सटकला. गाडी घसरली, जॅक कलंडला आणि बाबांच्या बोटाचं टोक चेंगरून गेलं.

विचारपूस करायला आलेल्यांना बाबांनी सांगितलं, "स्वयंपाकघराचं दार आपटलं." त्या दाराला मी टेकलेलो होतो. ते तसूभरही हललं नव्हतं.

"जन्मभर यंत्रांत हात घातलास, दादा, आणि शेवटी दाराने खाल्लं बोट!" आत्या म्हणाली. सगळे हसले. बाबाही हसले. चहाचा ट्रे धरून मुलगी उंबऱ्यातच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला मुकाट्याने डिकीत ठेवलं. तिला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

ती थट्टा मात्र घरात मुरली. सगळ्यांत जपून वागणारा माणूस धांदरट ठरला. मग ते आजारी पडले आणि गेले, तेही धांदरट म्हणूनच.

परवा मुलगी आत्याला घरी सोडायला निघाली आणि पुन्हा चाक बसलं. तिने गाडी सपाटीला आणली, हँडब्रेक ओढला, मला चाकाला घट्ट लावलं.

"अगदी दादासारखं करतेस गं," रस्त्याकडेला उभी आत्या म्हणाली. "फक्त दारापासून जप हो!"

मुलीच्या हातातला पाना थांबला.

"आत्या, दार नव्हतं ते. हा ठोकळा मी घरी ठेवला होता. दगडही मीच लावला. बाबा माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी बोलू दिलं."

"नट आवळ आधी," आत्या म्हणाली. "समोरासमोरचे. काम अर्धवट टाकून रडायचं नसतं."

गाडी खाली आली, नट पुन्हा आवळून झाले. मुलगी मला डिकीत ठेवणार, तोच आत्या म्हणाली, "दे इकडे." तिने रुमालाने माझ्यावरचा चिखल पुसला. "किती हसले गं मी त्याला!" घर येईपर्यंत मी तिच्या मांडीवर होतो.

मित्रांनो, गाडीत एक ठोकळा असू द्या आणि जॅकच्या आधी तो लावा. आणि तुमची चूक कुणी स्वतःच्या अंगावर घेतली असेल, तर त्या माणसाच्या देखत, चार लोकांत, ती परत मागून घ्या. आमच्या मुलीने ती मागून घेतली ती एकट्या आत्यापाशी. बाबांच्या देखत मागायची राहून गेली.