साधी गाठ

काचेखाली एक तपकिरी ठिपका, कडेला किंचित पसरट, बशीत सांडलेल्या चहासारखा... त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा... सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवून तिने ते नीट पाहिले आणि तिला शिसारी आली. भक्षक पेशी. शरीरात नको ते दिसलं की गिळायचं, एवढंच यांचं काम. प्रयोगशाळेचे प्रमुख भाषणात यांना शरीराचे शिपाई म्हणत, आणि समोरचे माना डोलावत. डोलावणारच, त्यांना कुठे इथे डोळा लावायचा असतो? गर्भाशयातल्या गाठीत हे शिपाई ठाण मांडून बसले होते आणि त्या गाठीलाच खाऊपिऊ घालत होते – वाढीची रसायनं पुरवत होते, चिवट धागे विणवून घेत होते. कुंपणाने शेत खाल्लं तर निदान कुंपणाचं पोट तरी भरतं. यांचं तेही नाही.

काचपट्टीवर नुसता क्रमांक होता, पण तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्याच पोटातून काढलेली गाठ. संशोधनासाठी तिनेच दिलेली. आता तिथे नव्या वाढल्या होत्या, आणि सर्जनबाई म्हणत होत्या, गर्भपिशवीच काढू.

फोन वाजला. ताई होती.

"शुक्रवारचं ठरलंय गं. तुझ्या नवऱ्याने होकार कळवलाय. तुला सांगायचा धीर होईना, म्हणून मला म्हणाला."

"माझ्या पोटाचा होकार त्याने कळवला?"

"काळजीने अर्धा झालाय तो. आणि साधीच तर गाठ आहे, कॅन्सर थोडाच आहे."

साधी. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ती साधी. मूल हवं की नको हे ठरवायचं राहूनच गेलं, तेही साधंच... आणि तो! गरम पाण्याची पिशवी, पांघरूण, 'तू पडून राहा' – दुसऱ्या शहरातली नोकरी चालून आली तेव्हासुद्धा, 'अशा अवस्थेत कशी जाशील?' आणि मी गेले नाही. वर मलाच बरं वाटलं. भल्या माणसाचा तिटकारा करायला छाती लागते. ती माझ्याकडे आहे, असं मी समजत होते.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो मोरीत चादर घासत होता. सकाळची, डागांची. तिने वाटेत एक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं, जिव्हारी लागेल असं. पण आधी तोंडून निघालं ते वेगळंच.

"मला का विचारलं नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस." त्याने वर पाहिलं नाही. "डाग जातो गं. पण दर महिन्याला वाटतं, या वेळी रक्त थांबलंच नाही तर? मला भीती वाटते."

भीती... त्या पेशीही आधी जखमेच्या हाकेलाच धावून येतात. जखम भरली, आता पुरे, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्याला तरी कुणी सांगितलं होतं? तिने कधी पुरे म्हटलं होतं?

"उद्या सर्जनबाईंशी मी बोलेन," ती म्हणाली.

"काय सांगशील?"

तिला माहीत नव्हतं. चादरीचं दुसरं टोक तिने हातात घेतलं, दोघांनी मिळून पीळ दिला, पाणी ओघळलं. तयार वाक्य तिने आत चाचपलं, ते सापडलं. पण ते उचलणारा तिरस्कार जागेवर नव्हता, आणि तो नसताना आत एवढी रिकामी जागा निघेल, याची तिला मुळीच कल्पना नव्हती.